घाटघरच्या गुरुजींचा सेट

रेडिओवाल्यांत दोन जाती असतात. एक बंद पडलेला सेट उघडणारे, दुसरे चांगला चालणारा सेट उघडणारे. आळेफाट्यावरच्या माझ्या दुकानात मी आयुष्यभर पहिलं काम केलं आणि त्यावर घर चालवलं. दुसरं काम केलं ते हौसेनं, आळ्यातल्या घराच्या पडवीत, आणि त्यापायी बायकोची, भावाची, एका तमाशाच्या फडाची आणि सबंध घाटघर गावाची बोलणी खाल्ली. आता दुकान बंद केलंय. टीव्ही दुरुस्त करून घ्यायचे दिवस गेले, बिघडला की लोक नवा आणतात. पण चालू सेट उघडायची खोड काही गेली नाही. शेवटचा उघडला तो गेल्या वर्षी, घाटघरच्या गुरुजींचा. तो जमला नसता तर माझा सगळ्यात जुना बोलका मित्र मला कायमचा अंतरला असता.

हौशी रेडिओ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरातही ते अजून सगळ्यांना समजलेलं नाही. सरकारची परीक्षा द्यायची. पास झालं की लायसन मिळतं. मग घरात स्वतःचा सेट ठेवायचा, छतावर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याशी बोलायचं. पोलिसांच्या वायरलेससारखंच हे. एकानं बटण दाबून बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणून सोडायचं, मग दुसऱ्यानं. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, राजकारण काढायचं नाही. ‘मग बोलता तरी काय?’ असं माझी बायको विचारायची. खरं सांगायचं तर बहुतेक वेळ आम्ही एकमेकांचा आवाज कसा येतोय एवढंच बोलायचो.

गुरुजी म्हणजे निवृत्ती गुरुजी. प्राथमिक शिक्षक, मूळचे आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावच्या अंगाचे. तरुणपणी कुठल्याशा साहेबाशी वाजलं आणि त्यांची बदली झाली घाटघरला, पार नाणेघाटाच्या तोंडाशी, जिथं पावसाळ्यात एसटीसुद्धा विचार करून जाते. साहेबाला वाटलं, हा माणूस महिनाभरात हातापाया पडत परत येईल. गुरुजींनी तिथंच घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिले.

आमची ओळख परीक्षेच्या हॉलमध्ये झाली. त्या वेळी परीक्षेत मोर्स यावं लागे. मोर्स म्हणजे तारमास्तरचं कट्ट-कडकट्ट. एक आखूड आवाज, एक लांब आवाज, त्यांच्या जोडणीतून अक्षरं. गुरुजींचा हात असा चाले की फळ्यावर सुवाच्य अक्षर काढतायत असं वाटावं. माझा हात म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. कसाबसा पास होऊन बाहेर आलो तर हे अनोळखी गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, ‘तुमचा के आणि वाय सारखाच येतो. सुधारा.’ पुढं सगळं आयुष्य त्यांनी मला हेच सांगितलं, फक्त ‘तुमचा’चं ‘तुझा’ झालं.

परीक्षा पास झालो, पण सेट कुठं होता? बाजारात मिळत नव्हते आणि परदेशातून आणायची ऐपत नव्हती. मग पुण्याच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेले वायरलेस मिळायचे ते आणायचे. ते बनवलेले असायचे दुसऱ्याच कामासाठी, दुसऱ्याच लहरींसाठी. त्यांना आमच्या पट्ट्यात, म्हणजे हौशी लोकांना नेमून दिलेल्या लहरींत, आणणं म्हणजे थोरल्या भावाची विजार उसवून धाकट्याच्या मापाची करणं. यालाच आम्ही मोठ्या तोऱ्यात मॉडिफिकेशन म्हणायचो. कुठं कॉइलचे वेढे काढायचे, कुठं घालायचे, कुठं कंडेन्सर बदलायचा.

त्या सेटांत स्फटिकाची एक पातळ चकती असायची. सेट पट्ट्यात नेमका कुठं बोलणार, ते तिच्या जाडीवर ठरे. चकती घासली की सेट वर सरकतो. शहरातले लोक ती कशानं घासत ठाऊक नाही, मी बायकोचं दंतमंजन वापरलं. पहिल्या चकतीला मंजन जरा जास्त झालं आणि सेट आमचा पट्टा ओलांडून पार पलीकडं जाऊन बसला. घासलेलं काही भरून येत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तिच्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं, तेव्हा ती जड होऊन जराशी खाली आली. ‘तिचे दात आधी पांढरे केले, आता काळे करा,’ बायको म्हणाली आणि मंजनाचा डबा कपाटात कुलपात ठेवू लागली.

असे दोन सेट उभे राहिले. एक मी ठेवला, एक गुरुजींना दिला. रोज सकाळी धारा काढून झाल्या की आळे ते घाटघर आमचं बोलणं सुरू व्हायचं.

पण सुरुवातीला माझा आवाज त्यांना धड पोचेना. छतावरची माझी तार आखूड पडत होती. आमच्या घराला लागूनच थोरल्या बंधूंचा, आबांचा, द्राक्षाचा मांडव. लाकडी डांबांवर तारांची जाळी, नजर पोचेल तिथवर. एक दिवस पडवीत चहा पिताना माझ्या डोक्यात आलं की एवढी तार आयतीच घराशेजारी ताणलेली असताना मी छतावर हातभर तुकडा घेऊन काय बसलोय? ठिबकच्या पाइपाच्या तुकड्यावर एक कॉइल गुंडाळली, सेट मांडवाला जोडला आणि बटण दाबलं.

गुरुजी म्हणाले, ‘दिगंबर, आज शेजारच्या खोलीत बसून बोलतोयस काय?’ त्या आठवड्यात केरळातला एक जण बोलला, बंगालमधला एक जण बोलला. मी हवेत होतो. आळ्याच्या द्राक्षानं परदेशाचा बाजार बघितला होता, माझ्या आवाजानंही बघायला काय हरकत होती!

नेमके ते विरळणीचे दिवस होते. विरळणी म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. हे काम बायकांचं, आणि त्यांची म्होरकी हौसाबाई. चौथ्या-पाचव्या दिवशी ती आबांकडं आली.

‘आबा, तुमची तार चावतीया.’

‘तार कशी चावंल? मुंगी आसंल.’

‘मुंगी व्हय? मुंगी काय ओव्हर म्हनल्यावर सोडती?’

बाईनं बरोब्बर ताडलं होतं. मी पडवीत बोलायला लागलो की कात्री तारेला टेकताक्षणी बोटाला चटका बसायचा आणि मी ‘ओव्हर’ म्हटलं की थांबायचा. इजा होण्यासारखं काही नव्हतं, पण मुंगी काही हळू चावत नाही. आबांना सांगून भागेना तेव्हा हौसाबाई सरळ माझ्या पडवीत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘भाऊ, त्या गुरुजीसंगं तुमचं येवढं काय बोलनं आसतं? दोन शब्दांत आटपा की! तुमचं पुराण लांबलं की आमची बोटं भाजत्यात.’

शेवटी तह झाला. बायका भाकरी खायला बांधावर बसल्या की हौसाबाई तिथून हाळी द्यायची, ‘बोला आता!’ मग मी बोलायचो. सरकारच्या लायसनवर हौसाबाईची वेगळी परवानगी लागणारा देशातला मी एकटाच असेन. तिच्या भाकरीच्या वेळी गुरुजी शाळेत असायचे, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी उठाठेव केली तेच ऐकायला नाहीत. मला राहवेना. एका सकाळी मी हळूच बटण दाबलं, मांडवातून एकदम आरोळ्या उठल्या, आणि आबांनी पक्कड आणून माझी तार तोडली. तसला अँटेना मला पुन्हा मिळाला नाही, त्याची हळहळ अजून वाटते.

मांडव गेला म्हणून मी नवी तार ताणली, घरामागच्या मैदानावरून थेट पलीकडच्या चिंचेपर्यंत. मैदान वर्षभर मोकळं असायचं. जत्रेचे दिवस सोडून. ते मी विसरलो.

आमच्याकडं जत्रेला रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फड पुन्हा उभा राहतो, त्याला हजेरी म्हणतात. त्या वर्षी नारायणगावहून मोठा फड आला होता. हजेरी रंगात आली होती. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, पुढं मावशी. मावशीचं काम पुरुष करतो, आणि मावशीच्या जिभेला हाड नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. मावशीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘कोन गं बाई ह्यो आडवा आला?’ आणि कृष्णानं तोंड उघडायच्या आत भोंग्यातून माझा आवाज आला :

‘मी आळ्यावरून बोलतोय. तुमचा आवाज बारीक येतोय. जरा मोठ्यांदा बोला. ओव्हर.’

मी पडवीत दार लावून बसलेला, कानाला हेडफोन, सेटवर पलीकडं गुरुजी. मला यातलं काही माहीत नाही. पुढचं सगळं मला नंतर गावानं सांगितलं, आणि अजून सांगतं.

मावशी दचकली नाही. तिनं मान वर करून भोंग्याकडं बघितलं. ‘आगं बया! मोठ्यांदा बोला म्हनं! रातभर वरडून घशाच्या चिंध्या झाल्या माज्या, आन ह्यो मेला आळ्यात बसून मथुरेचा बाजार उठवतोय!’

मी विचारलं, ‘पाऊस आहे का तिकडं? ओव्हर.’

‘मथुरेत पाऊस न्हाई, पर तू घावलास तर पायतानाचा पडंल!’

शिट्ट्यांनी मैदान उठलं. कृष्ण खाली बसून हसत होता, ढोलकीवाल्याचा हात थांबला. मी मात्र आपला गुरुजींना विचारतोय, वहिनींचा गुडघा कसा आहे आणि मावशी त्याचंही उत्तर देतेय. शेवटी आबा धावत आले आणि दार वाजवून ओरडले, ‘आरं बंद कर तुजं! आख्खी जत्रा ऐकतीया!’

झालं होतं असं की फडाच्या माइकची लांबलचक वायर माझ्या तारेखालून गेली होती. तिनं माझ्या लहरी पकडल्या आणि अँप्लिफायरनं त्यांचा आवाज करून भोंग्याला दिला. ज्या गावात वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी आहे तिथं भोंगा आपल्या आपण बोलला याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी. दुपारी फडाचा मॅनेजर घरी आला. आता हा भांडणार म्हणून मी बायकोला पुढं केलं. तो हात जोडून म्हणाला, ‘राव, पुढल्या गावाला येता का? पब्लिकला लई आवडलं.’ लायसनात ते बसत नाही असं मी सांगितलं तेव्हा तो खरोखर हिरमुसला. मग मीच त्याच्या माइकच्या वायरीला दोन कंडेन्सर लावून दिले आणि प्रकरण मिटवलं.

दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना सांगितलं. गुरुजी हसले की माझ्या सेटचा काटा फाडकन शेवटाला जाऊन आपटायचा. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा जत्रा बिघडवल्या असत्या. आज मागं बघताना वाटतं, त्या सकाळी फार सुखाच्या होत्या आणि तेव्हा ते कळलं नाही. काय बोललो यातलं फारसं आठवत नाही. कांद्याची लावण, त्यांच्या शाळेचं गळकं छप्पर, जीवधन गडावर उतरलेलं धुकं, बिबट्यानं कुणाचं वासरू नेलं. एवढंच.

ऐकू कमी येतंय हे गुरुजींनी कधी कबूल केलं नाही. ते म्हणायचे, ‘दिगंबर, तुझ्या सेटचा आवाज बसलाय.’ मी हत्यारांची पिशवी घेऊन जुन्नरमार्गे घाटघरची एसटी धरायचो. सेट उघडायचो, त्यात काही बिघाड नसायचा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गुरुजींच्या मंडळी, इंदूवहिनी, चहाचा कप हातात देताना हळूच म्हणाल्या, ‘भावजी, सेट चांगला हाय. ह्यांचे कान गेल्यात. पर तसं म्हनू नका, सेटच उघडून बगा.’ म्हणून मी पुन्हा सेट उघडला, उगीच दोन ठिकाणी सोल्डरचा डाग दिला आणि बंद केला. गुरुजी म्हणाले, ‘आता बघ कसा खणखणीत येतोय.’ वहिनी चुलीकडं वळल्या.

मग मी त्या सेटला अँप्लिफायर जोडला आणि एक जुना भोंगा लावून दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. भोंगा घरात मावेना म्हणून गुरुजींनी तो ओट्यावर टांगला आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून बसले. मला हे ठाऊक नाही. दुसऱ्या सकाळी मी नेहमीच्या आपुलकीनं विचारलं, ‘गुरुजी, हिरड्याचं चूर्ण घेतलं का? पोट साफ झालं का? ओव्हर.’

घाटघर खडबडून जागं झालं. तिथं घरोघर हिरडा गोळा करतात, त्यामुळं या विषयावर प्रत्येकाचं ठाम मत होतं. अर्ध्या तासात ओट्यावर माणसं जमली. कुणी म्हणे गरम पाण्यातून घ्या, कुणी म्हणे बाळहिरडा घ्या, एका म्हातारबुवांनी तर आपला पूर्ण इतिहास सांगितला. पुढं कितीतरी दिवस गुरुजी रस्त्यानं निघाले की कोणीतरी बांधावरून विचारायचं, ‘काय गुरुजी, झालं का? ओव्हर!’ वहिनींनी भोंगा उतरवून कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथा घातला. ‘ह्यांचं प्वाट आख्ख्या गावाचं झालं,’ त्या मला म्हणाल्या. पण हसत म्हणाल्या.

त्यानंतर मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. गुरुजींचा मुलगा बाळू चाकणला नोकरीला आहे. त्यानं पुण्याला नेऊन तपासून आणलं, कानाला यंत्र लावून बघितलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या शिराच वाळल्यात, आता उपयोग नाही. घाटघरला मोबाइलची रेंज मिळते ती कड्यावर जाऊन उभं राहिलं तर, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. सकाळी मी सेटवर हाका मारायचो. तिकडून गुरुजींचा आवाज स्वच्छ यायचा, ‘दिगंबर, असलास तर नमस्कार. मला काही ऐकू येत नाही. ओव्हर.’ थोडा वेळ थांबायचे, मग सेट बंद व्हायचा. पुढं तेही थांबलं.

मी भेटायला गेलो तर सेटवर फडकं टाकलेलं. मी पाटीवर लिहायचो, गुरुजी तोंडानं उत्तर द्यायचे, गरजेपेक्षा मोठ्यानं.

‘घर मुकं झालंय रे. तुझी वहिनीसुद्धा बोलायची थांबली. ऐकणाराच नाही म्हटल्यावर कोण कशाला बोलेल? सगळ्या गावाला लिहायला शिकवलं आणि हिला शिकवायचं राहून गेलं. आता ती खुणा करते. जेवा, निजा, औषध घ्या. नवराबायकोत एवढंच बोलायचं असतं का?’ मग सेटकडं हात केला. ‘तो घेऊन जा. कुणातरी ऐकणाऱ्याला दे.’

मी सेटच्या तारा सोडवल्या. वहिनी शेजारीच पाठ करून तांदूळ निवडत होत्या. परतीच्या एसटीत तो जड सेट मांडीवर घेऊन बसलो आणि मला रडू आलं. शेजारच्या पाहुण्याला वाटलं, मांडीला रग लागली. तो म्हणाला, ‘पावणं, खाली ठिवा की वझं.’

सेट पडवीत ठेवला. द्यायच्या आधी तपासावा म्हणून चालू केला, आणि स्पीकर नीट बसलाय का बघायला झाकण काढून त्यावर सहज बोट टेकवलं. कुणीतरी लांबवर मोर्स ठोकत होतं. स्पीकरचा कागद बोटाखाली थरथरत होता. आखूड, लांब, आखूड. मी कान झाकून घेतले तरी ते अक्षर मला कळलं. मी बायकोला हाक मारली आणि म्हणालो, ‘हा सेट आता मी कुणाला देत नाही.’

आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मॉडिफिकेशन, आणि त्यातही धड सुरुवात नाही. आधी मी जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढून बसवली. ती सुरू व्हायला वेळ घेते आणि थांबायलाही, त्यामुळं सगळी अक्षरं एकमेकांना चिकटली. घाटघरला नेऊन गुरुजींच्या हातात दिली, समोर बसून मोर्स ठोकायची चावी ठोकली. ते तोंड वाकडं करून म्हणाले, ‘हे मोर्स नाही, म्हैस रवंथ करतेय.’ पुढच्या खेपेला मोठा स्पीकर नेला. त्याला जोर इतका दिला की पहिल्याच ठोक्याला तो पाटावरून उडाला आणि चहाच्या कपात बसला. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि नवा चहा आणला.

तिसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं. मध्यम स्पीकर, तोंड वर करून फळीला स्क्रूनं आवळलेला. शिट्टीचा सूर उतरवून उतरवून जाड घुमणारा केला, कारण बारीक सूर बोटाला जाणवत नाही. आणि कागदाच्या मधोमध औषधाच्या बाटलीचं बूच चिकटवलं, बोट टेकवायला. गुरुजींनी बोट ठेवलं, डोळे मिटले. मी ठोकायला लागलो. मोर्स इंग्रजी अक्षरांचं, पण आम्ही त्यातून मराठीच ठोकतो. मी त्यांचं नाव ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. मग त्यांना आवडेल असं वाक्य ठोकलं, की पाऊस चांगला झालाय.

डोळे न उघडता गुरुजी म्हणाले, ‘तुझा के आणि वाय अजून सारखाच येतो.’

मी उठून त्यांना मिठी मारली. वहिनींना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सेट तिथंच ठेवून आलो आणि त्या दिवसापासून सकाळच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. गुरुजी तोंडानं बोलतात, मी मोर्सनं उत्तर देतो. माझा हात सावकाश, त्यांचं बोट नवशिकं, त्यामुळं पूर्वी जे एका दमात बोलायचो त्याला आता चहा गार होईपर्यंत वेळ लागतो. पण बोलणं होतं.

भातं पोटरीत आली होती, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हाची गोष्ट. गुरुजी बोलता बोलता थांबले. मग जरा चाचरत म्हणाले, ‘दिगंबर, एक काम कर. मी बटणाला रबर बांधून माइक खिडकीत ठेवतो. माझ्या घरात काय ऐकू येतंय ते तू ऐक आणि मला कळव. मला ते विसरायला झालंय. ओव्हर.’

मी हेडफोन कानावर दाबला. आधी नुसता वारा. मग कोंबडा, कुठल्यातरी बांधावर एक माणूस बैलावर ओरडत होता, ओढ्याचं पाणी. मी कागदावर लिहून घेत होतो. मग भांड्याचा आवाज झाला आणि वहिनींचा आवाज आला, अगदी माइकजवळ.

‘आवो, चा ठिवलाय फुडं, गार करू नका. कालधरनं सांगतीया, गाय आटाया लागली. शेजारच्या यमुनीच्या पोराला आपल्या बाळूचा फोन आल्ता, दिवाळीला येतो म्हनला. तुमच्या सदऱ्याचं बटान लावलंय बगा, पुन्यांदा तोडू नका. आन रातच्याला लई खोकत व्हता, काढा करू का? नगं म्हनाल, ठावं हाय मला. कडू लागतो म्हनाल. मग काय मी आयकनार हाय व्हय? करनारच. त्या खिडकीत काय ठिवलंय आज? बरं, ऱ्हाऊंद्या, तुमचं तुमास्नी ठावं...’

थांबतच नव्हत्या. त्या विचारत होत्या, त्यांचं उत्तरही त्याच देत होत्या आणि त्यावर भांडतही त्याच होत्या. पाहुण्यादेखत गप्प बसणाऱ्या वहिनी एरवी काम करता करता पाठमोऱ्या बोलत असणार, म्हणून ना गुरुजींना कळलं ना मला. घर मुकं झालेलं नव्हतंच कधी.

गुरुजींनी रबर सोडलं. ‘काय ऐकू आलं? ओव्हर.’

मी ठोकलं : वहिनी बोलतायत.

‘कुणाशी?’

तुमच्याशी.

तिकडं बटण दाबलं गेलं. गुरुजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, ‘काय म्हणतेय?’

माझा हात कच्चा, आणि त्यातून डोळे भरलेले. मी थोडक्यात आटपलं : चहा. गाय आटली. बाळू दिवाळीला.

‘नाही,’ गुरुजी म्हणाले. आवाज मास्तरचाच होता. ‘तिचं बोलणं एवढं आखूड नसतं. सगळं पाठव, दिगंबर. एक अक्षर गाळू नकोस. ओव्हर.’

मी चावी जवळ ओढली आणि ‘आवो’पासून सुरुवात केली.